उपटलेल्या पऱ्हाटीचा फोटो

मोताळ्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आसपासच्या साऱ्या गावांना मिळून एकच ईमेल, तोही माझा. तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे आणि शेतकऱ्यांकडे ईमेल कुठला? मी सर्रास माझाच टाकायची. त्यामुळे कोणाचाही मेल माझ्याकडे यायचा आणि पाठवणारा अनोळखी असला तरी मी तो उघडायचीच. न जाणो, कोणाचं काम अडलं असेल. या सवयीचा मला अभिमान होता, हे सांगायची आज लाज वाटते.

त्या वर्षी बीटी कपाशीच्या, आमच्याकडच्या पऱ्हाटीच्या, बोंडांत गुलाबी अळी शिरली. बियाणं घेताना जी लागणारच नाही असं ऐकलं होतं, तीच. भरपाईसाठीच्या तक्रार अर्जासोबत उभ्या पिकात शेतकरी उभा असलेला फोटो लागे. साइट चार-चार दिवस चालत नसे, म्हणून मी सगळ्यांचे फोटो कॉम्प्युटरवर जमवून ठेवत होते.

आमच्या गल्लीतले चाचा त्यातलेच, माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांच्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून फोटो उतरवून घेतल्यावर मीच ते मोबाइलमधून पुसून टाकले.

"बेटी, आता पऱ्हाटी उपटू काय? ठेवली तं अळी शेजाऱ्याच्या वावरात जाईन."

"उपटा चाचा. तुमचे फोटो माह्याजवळ हायेत."

मी हे ठासून म्हणाले होते.

तीन दिवसांनी सकाळी एक मेल आला. नाव अनोळखी, इंग्रजी मोडकंतोडकं, सोबत 'पेमेंट लिस्ट' नावाची फाइल. मला वाटलं, भरपाईची यादी आली. अर्जच गेले नव्हते तर यादी कसली, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. फाइल कोरी उघडली. वर एक पिवळी पट्टी होती, मजकूर दिसण्यासाठी इथे दाबा म्हणणारी. मी दाबलं.

फोल्डरमधल्या फोटोंची नावं माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेली. एकही उघडेना. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत होती, पण तो मी कधी काढतच नसे, कॉम्प्युटरलाच लावलेला असायचा. तोही गेला. मी वायर ओढली तोवर पैसे मागणारी पाटी पडद्यावर आली होती. मलकापूरच्या दुरुस्तीवाल्याने हात वर केले.

अर्जाच्या शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले होते. स्कूटी घेऊन मी वावरं पालथी घातली. बाकीच्यांची पऱ्हाटी अजून उभी होती, त्यांचे फोटो पुन्हा निघाले. चाचांचं वावर मात्र साफ झालेलं, झाडं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचून ठेवलेली. मी तिथेच बसून रडले.

 चाचांनी ढिगातलं एक झाड उचललं, कुदळीने खड्डा केला आणि झाड त्यात उभं केलं.

"चाल बेटी, लावू."

वाळलेल्या झाडांच्या चार ओळी आम्ही मातीत रोवल्या. किडकी बोंडं अजून लटकत होती, भोकं दिसत होती. मधोमध चाचा उभे राहिले. जमीन त्यांची, पीक त्यांचं, अळीही त्यांच्याच पिकातली. तरी तो फोटो मोबाइलवरून अर्जाला जोडताना आपण खोटं करतोय असं वाटत होतं.

आता मी अनोळखी फाइल उघडत नाही. आधी फोन करून विचारते आणि काम झालं की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवते. ही अक्कल चाचांच्या नुकसानीतून आली.

तपासणीचे साहेब आले तेव्हा गावातली दहा-बारा माणसं जमली होती. साहेबांनी चाचांचा फोटो मोठा करून पाहिला. बुडाशी ताजी उकरलेली माती होती. "हा बनाव आहे," ते म्हणाले आणि अर्ज बाजूला ठेवला. चूक माझी आहे, फाइल मी उघडली, असं मी परोपरीने सांगितलं. तसल्या कहाण्या त्यांनी त्या महिन्यात बऱ्याच ऐकल्या असाव्यात.

लोक चाचांकडे बघत होते. चाचांनी टोपी सारखी केली, चपला घातल्या. मी त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत गेले. दारात ते थांबले.

"बेटी," ते म्हणाले, "अळी तं खरीच होती ना?"