रज्जाकभाईंचा हात

भवानी पेठेत सळईची दुकानं पुष्कळ, पण भाव विचारायला गेलं की "आज घेऊ नका" म्हणणारं एकच होतं. ते रज्जाकभाईंचं. गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसाला शेजारचे दुकानदार वेडा म्हणत. फक्त स्वतःचं घर बांधायला काढलं की गुपचूप त्यालाच विचारून जात.

रज्जाकभाईंचं शास्त्र साधं होतं. त्यांच्याकडे माल जालन्याहून येई. ट्रक रात्रभर चालून सकाळी दुकानापुढे लागला, की हमालांनी दोर सोडायच्या आत ते सळईच्या बंडलाच्या पोटात उजवा हात घालत. आत ऊब असली म्हणजे माल कारखान्यातून निघाला तसाच ट्रकवर चढलाय, तिकडे शिल्लक काही नाही आणि भाव चढणार. मग आजच घ्या. बंडल गार आणि वर तांबूस गंज, म्हणजे माल आवारात पडून आहे. मग थांबा. पोलादाच्या उत्पादनाचे आकडे पेपरात महिन्याभराने छापून येत. रज्जाकभाई तेही वाचत आणि "कळलं म्हणायचं यांना" एवढं बोलून पेपर घडी करून ठेवत.

तीस वर्षं हे चाललं. मग रज्जाकभाईंना साखर झाली. आधी तळपाय बधिर झाले, मग बोटं. कमरजहांच्या, म्हणजे बायकोच्या, पहिल्यांदा लक्षात आलं. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या चहाचा पेला नवरा हातात धरून निवांत बसला होता. चटका बसत नाही का विचारलं, तर चहा गार आहे म्हणाले. तो तिने नुकताच उकळताना पाहिला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बोटांतलं गेलं ते परत येणार नाही, आणि रोज चालत जा. घरी येऊन रज्जाकभाईंनी रोज चालायला सांगितल्याचं तेवढं सांगितलं.

इथे शहाण्या माणसाने सल्ला देणं बंद केलं असतं. पण तीस वर्षं लोक विचारायला येत असले की शहाणपण जरा मागे पडतं. ते बंडलात हात घालत राहिले आणि ट्रक-ड्रायव्हरच्या गप्पांवरून अंदाज ठोकत राहिले. दीड वर्ष तो बरोबर आला, हे आणखीच वाईट झालं.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत पद्मजाबाई आल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि रज्जाकभाईंच्या मुलीच्या, मेहरुनच्या, बाई. कर्वेनगरातली भाड्याची जागा मालकाने मेअखेर सोडायला सांगितली होती. कात्रजला दोन खोल्यांच्या भिंती उभ्या होत्या, स्लॅब तेवढा राहिला होता. हाताशी होते ते फंडाचे पैसे, त्यात एकदाच लोखंड घेता येणार होतं.

ट्रक नुकताच लागला होता. रज्जाकभाईंनी हात घातला. काहीच लागलं नाही, म्हणजे गार, असं त्यांनी ठरवलं. सळई काळीभोर, गंजाचा ठिपका नाही, हे समोर दिसत होतं. पण आधी हात आणि डोळे मागाहून, ही जुनी सवय. "थांबा बाई, पंधरा दिवस," म्हणाले. बाईंनीही बंडलात हात घालून पाहिला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

पंधरा दिवसांत भाव चढला, मार्चमध्ये आणखी चढला. बाई दर आठवड्याला येत, रज्जाकभाई उतरेल म्हणत. बाई एक टोमणाही मारत नव्हत्या. पुण्याचं माणूस टोमणा मारत नाही म्हणजे फार बिघडलेलं असतं, हे रज्जाकभाईंना कळत होतं आणि झोप लागत नव्हती.

एप्रिलच्या शेवटी बाईंनी एका खोलीपुरतं लोखंड घेतलं. टेम्पो भरताना रज्जाकभाई म्हणाले, "बाई, माझ्या बोटांना कळत नाही. दीड वर्ष होऊन गेलं."

"त्या दिवशी बंडल कोमट होतं. माझ्या हाताला लागलं होतं."

"मग बोललात का नाही?"

"जन्मभर मुलांना सांगितलं, स्वतः मोजून बघा, कोणाचं ऐकू नका. आणि तुमचा हात बघून मी माझ्या हाताला खोटं पाडलं."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लागली: 'भाव सांगितला जाईल. सल्ला मिळणार नाही. ज्याने त्याने स्वतः हात घालून पाहावा.' शेजारच्यांना अखेर माणूस शहाणा झाल्याचा आनंद झाला. कमरजहांने पाटी वाचली आणि त्या दिवसापासून चहा निववून द्यायला लागली.

ऑक्टोबरात बाई पुन्हा आल्या. चार-पाच महिने एका खोलीत काढून दुसरीपुरते पैसे जमले होते. ट्रक उभाच होता. त्यांनी हात घातला. "गार आहे. थांबू का?"

रज्जाकभाईंनी पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचली. तुम्हाला विचारतेय."

रज्जाकभाई उठले. हात पाठीमागे बांधून ट्रकभोवती एक फेरी मारली, वाकून प्रत्येक बंडल पाहिलं. तांबूस गंज सगळीकडे होता. तोच शब्द पुन्हा बाईंना सांगायचा होता.

"थांबा," ते म्हणाले.

बाईंनी पिशवी काखोटीला मारली आणि त्या कात्रजच्या बसला निघाल्या. दिवाळी त्यांनी एकाच खोलीत केली आणि फराळाचा डबा रज्जाकभाईंकडे पाठवला. भाव उतरला आणि दुसऱ्या खोलीचा स्लॅब डिसेंबरात घालून झाला.