मध्यंतरातलं पाणी

आईने गावाकडून, पेठहून पाठवलेला डबा आज उघडला, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीचा वास आला, आणि कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं.

सभागृहात सिनेमा दाखवत होते. एका शहरातली चार-पाच माणसं, प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याविषयी अढी, आणि हळूहळू सगळ्यांच्या गोष्टी एकमेकींत गुंतत जातात. एका घरात मोलकरणीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, तेव्हा अख्खं सभागृह हळहळलं. मी मात्र मांडीवरचा डबा पिशवीखाली सरकवला; आईलाही कुणी असंच पाणी दिलेलं मी पाहिलं होतं.

मध्यंतरात ऋचाने माझा डबा ओढला. नाशकातली माझी पहिली मैत्रीण, नुकतीच ओळख झालेली.

"ए, ही काळी का गं? करपली?"

"नागलीची हाय," मी घाबरत म्हणाले. आता ही दुरावणार, असंच वाटलं.

तिने तुकडा मोडून चटणीशी खाल्ला. "बाप रे, तिखट! पाणी दे." माझ्या बाटलीतलं पाणी ती ओठ न लावता, वरून प्यायली.

ती सगळ्यांच्याच बाटलीतून तशी पिते, हे पुढे कळलं. आता तर आम्ही एकाच खोलीत राहतो. पण त्या दिवशी उरलेला वेळ मी पडद्याऐवजी तिच्याकडेच चोरून बघत होते. सिनेमातल्या त्या बाईचं पुढे काय झालं, मला अजून माहीत नाही.