ठोकळ्यावरचा निळा डाग

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव आईनंच पाडलेलं. पाळण्यात होती तेव्हाही ही पोर एका कुशीवर म्हणून निजली नाही, असं आई सांगे. मोठी झाली तसा तिचा अभ्यासही चालता झाला. हातात पुस्तक आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई छताला झाडूचा दांडा ठोकत आणि ओरडत, "अगं ए, गणितं पायांनी सोडवतेस काय?"

पायांनी म्हणा, डोक्यानं म्हणा, गणितं सुटत होती. आणि चांगली सुटत होती, म्हणून तर पुढचा सगळा घोळ झाला.

शाळेचा शेवटचा निकाल लागला आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजनं तिला जागा दिली. त्याच सुमाराला पंपांच्या कारखान्यानं तिला उमेदवारीला बोलावलं. तिथं पहिल्या दिवसापासून काम करायचं, काम करता करता शिकायचं आणि काही वर्षांनी पक्की कारागीर होऊन बाहेर पडायचं. अर्ज दोन्हीकडं तिनंच केले होते. तेव्हा वाटलं होतं, एक दार आपोआप बंद होईल आणि दुसऱ्यातून आपण निमूट आत जाऊ. पण दोन्ही दारं सताड उघडली, आणि दोन्हीकडून निरोप एकच आला: शनिवारपर्यंत काय ते सांगा.

तिचे वडील त्याच कॉलेजात प्रयोगशाळेचे मदतनीस. यंत्रं पुसायची, नळ्या जोडायच्या, बाकं ओळीत लावायची आणि मुलं आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. त्यांचं उभं आयुष्य उभ्यानंच गेलं होतं. आठवडा सुरू व्हायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी लेकीला मुद्दाम कॉलेजातल्या एका वर्गात नेलं. खिडकीजवळचं एक बाक निवडलं, खिशातला रुमाल काढून ते पुसलं, चांगलंच होतं तरी पुन्हा पुसलं आणि म्हणाले, "बस."

ती बसली. फळ्यावर कुणीतरी पंपाचं पोट उघडून दाखवलं होतं. पाणी मधून आत शिरतं, गरगर फिरतं, कडेनं बाहेर फेकलं जातं, ते सगळं बाणांनी. शेजारी आकडे. ती बघत राहिली. खरं सांगायचं तर तिला ते नुसतं आवडलं नाही, बाकाखाली तिची बोटं त्या बाणांच्या मागोमाग फिरू लागली. बाबा भिंतीपाशी उभे होते. लेकीकडं बघताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा पेरलेल्या रानाकडं बघणाऱ्याचा होतो. ते तिनं पाहिलं, आणि मग तिला फळ्याकडं नीट बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात चाचणी होती.

त्या कारखान्याची एक रीत होती. उमेदवार कितीही हुशार असो, त्याला आधी यंत्राजवळ फिरकू देत नसत. करवतीनं कापलेला एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा आणि एक कानस हातात द्यायचे. ठोकळा व्हाइसच्या जबड्यात आवळायचा आणि घासायचा. सगळ्या बाजू सपाट झाल्या पाहिजेत, कोपरे गुण्याला, म्हणजे काटकोनाच्या मापाला, लागले पाहिजेत आणि घासणं आखलेल्या रेघेवर थांबलं पाहिजे.

"रेघेच्या आत गेलीस की ठोकळा मेला," फोरमनकाका म्हणाले. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. "आणि मेलेल्याला आम्ही इथं पुरत नाही, भंगारात टाकतो."

सपाटी बघायची युक्तीही त्यांनी दाखवली. एका गुळगुळीत लोखंडी पाट्यावर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. त्यावर ठोकळा हलकेच फिरवायचा. जिथं उंचवटा असेल तिथं निळा डाग उठतो. तो डाग घासायचा, पुन्हा पाट्यावर फिरवायचा.

भिंगरीला हे काम म्हणजे जणू तिच्यासाठीच काढलेलं वाटलं. उभ्यानं करायचं, अंग पुढं-मागं हलत ठेवायचं, आणि दर खेपेला काहीतरी नवीन दिसायचं. या कोपऱ्यात डाग आला, घासला. मग तो त्या कोपऱ्यात गेला. तिथला घासला, तर मधोमध उठला. ती चिडली, घामाघूम झाली, पण थांबली नाही. अखेर सगळा पृष्ठभाग एकसारखा निळा उठला, तेव्हा ती ठोकळा नाचवतच काकांकडं गेली.

काकांनी तो तळहातावर तोलला. मग मापही न लावता म्हणाले, "घरी ने. आईला कपडे धुवायला होईल. साबणाची वडी म्हणून बरी आहे."

शेजारच्या बाकावरचे दोघं फिसकन हसले. तिनं रेघ शोधली. रेघ केव्हाच घासून गेली होती.

"डाग राहत होता, काका."

"मग राहू द्यायचा की नाही जरा? हात आहे का वारं?" त्यांनी कपाटातून दुसरा ठोकळा काढला आणि तिच्यापुढं आपटला. "घे. हा शेवटचा. पुन्हा वडी केलीस तर दुकान घाल."

त्या संध्याकाळी घरात आई कांदा चिरत होती आणि भिंगरी चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होती.

"कॉलेजात जाते," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "पण मग ते काम हातचं जाईल. कारखान्यातच जाते." पुन्हा दार. "पण बाबा..."

"अगं बाई, एका जागी उभी राहा, माझी मान दुखायला लागली!" आई म्हणाली. "दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभी राहशील? मधल्या मधे पडशील आणि आम्हाला काठीनं काढावं लागेल."

"तू सांग ना मग."

"मी सांगेन, आणि जन्मभर म्हणशील, आईनं सांगितलं म्हणून गेले. मी नाही त्यातली."

बाबा कोपऱ्यात चहा पीत होते. बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

मग तिनं दुसरा ठोकळा घ्यायचा म्हणून घेतला. हात कानशीवर, पण मन कुठं एका जागी होतं? बाबांचा चेहरा आठवला की कॉलेजकडं झुकायची, कानशीची धार बोटांना लागली की इकडं. एक बाजू समजवावी, तर दुसरी उठून वर यायची. सगळा आठवडा असाच घासला गेला.

शनिवारी सकाळी ती रेघेवर पोचली. ठोकळा पाट्यावर फिरवला. सगळीकडं बारीक, एकसारखा निळा उठला होता, फक्त एका कोपऱ्यात नखाएवढा गडद डाग. हात आपोआप कानशीकडं गेला. दोनच हात, आणि डाग साफ. पण रेघ?

तिनं कानस खाली ठेवली. मग हात पुन्हा जाऊ नयेत म्हणून ते पाठीमागं बांधले. पायाचा अंगठा मात्र बुटात नाचतच राहिला.

काका आले. माप लावलं, गुण्या लावला. "डाग राहिलाय."

"हो. माप आलंय. असू दे."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "उत्तर काय मग? उमेदवारी करणार?"

"आधी बाबांना सांगून येते. हे नेऊ का?"

"ने. पण वडी समजून भिजवू नकोस."

प्रयोगशाळेत बाबा एकटेच बाकं सरळ करत होते. ती दिसताच त्यांचा हात रुमालाकडं गेला. बाक पुसून म्हणाले, "बस."

ती उभीच राहिली. "बाबा, मी कारखान्यात जाते."

ते पुसलेलीच जागा पुसत राहिले. पुसता पुसताच म्हणाले, "वर्ग आवडला नाही?"

"फार आवडला. तो फळ्यावरचा पंप अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण तो बघताना माझे हात बाकाखाली चाळवत होते. वाटत होतं, यात खरं पाणी सोडून बघावं."

"मी इतकी वर्षं बाकं पुसली," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मला उभ्यानं काढावं लागलं. वाटलं, निदान पोरगी बसेल."

"मला कधी बसता आलंय, बाबा?"

त्यांना हसू आलं. यायला नको होतं, पण आलं, आणि मग ते खिडकीकडं बघू लागले. तिनं ठोकळा पुढं केला. त्यांनी तो घेतला, कडांवरून अंगठा फिरवला, कोपऱ्याशी आला तसा अंगठा निळा झाला.

"हे काय राहिलं?"

"राहिलं नाही. ठेवलंय. काढायला गेले असते तर माप गेलं असतं."

सवयीनं त्यांनी रुमाल वर आणला. तो ठोकळ्यापर्यंत आला आणि थांबला. मग घडी करून खिशात परत गेला.

"जा," त्यांनी ठोकळा तिच्या हातात दिला. "तुझे काका वाट बघत असतील."

ती निघाली, अर्धी चालत, अर्धी पळत. त्या वर्गाच्या खिडकीशी मात्र पाय अडखळले. फळ्यावरचा पंप पुसून कुणी नवंच चित्र काढलं होतं, गुंतागुंतीचं, ते काय आहे तेही तिला कळेना. एक पाय पायरीवर ठेवून ती तशीच वाकून बघत राहिली, मुठीत ठोकळा गरम होईपर्यंत. मग कारखान्याचा भोंगा वाजला.