गप, बोलायलंय

डावा हात वर, मान तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले. "गप. बोलायलंय." एवढं म्हणून तो शेताच्या मधोमध थांबला की भोवतीची दहा-वीस माणसं श्वास रोखून उभी राहायची. मग खोदाखोद व्हायची आणि बैलाची नाल निघायची.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. काहीच येत नाही, पण सगळं येतं असं ज्याला मनापासून वाटतं, तो. आमच्या मानवतला हा होता आणि दुर्दैवानं तो माझा मित्र होता.

महायुद्धात तो लष्करात होता. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं काम आपण केलं, असं सांगायचा. माझ्या मते तो भटारखान्यात रोट्या शेकत असावा, कारण इतका धांदरट माणूस सुरुंग शोधायला गेला असता तर मानवतला परत आलाच नसता. पोलीस अ‍ॅक्शननंतर एक-दोन वर्षांनी त्यानं सिकंदराबादच्या भंगारबाजारातून एक यंत्र आणलं. लांब दांडा, टोकाला तव्याएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी आणि दोन्ही कानांवर झाकणं. जमिनीखाली धातू असला की कानात शिट्टी वाजते म्हणे. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या भागात लोकांनी बरंच काही पुरून ठेवलं होतं. ते सगळं आता आपलीच वाट पाहतंय, याची त्याला खात्री होती.

रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून मी त्याच्याबरोबर जायचो. खरं सांगायचं तर फुकट हसायला मिळायचं, म्हणून जायचो. नाली, खिळे, फाळाचे तुकडे, एकदा तंबाखूची डबी. क्वचित एखादं जुनं, चांदीच्या रुपयाचं नाणं निघे. ते तो चिंचेनं घासायचा, उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "मास्तर, देवगिरीच्या राजाचं हाय." मी उर्दू शाळेत शिकलेला. नाण्यावर निजामाचं नाव स्वच्छ दिसायचं. ते वाचून दाखवलं की तो माझ्याकडं मोठ्या दयेनं पाहायचा. ती नाणी विकून चड्डीला बटणं तरी लावावीत, तर तेही नाही. खाकी पिशवीत घालून उशाशी ठेवायचा आणि विड्या माझ्या ओढायचा.

एका उन्हाळ्यात पोखर्णीकडची एक म्हातारी धनगरीण चालत येऊन त्याच्या दारात बसली. धनगरांच्या बायका गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ घालतात, हिचा गळा मोकळा होता. धामधुमीच्या साली मेंढरं घेऊन घाईनं निघताना नवऱ्यानं तिची माळ पुरली. मेंढ्यांभोवती जाळं लावतात, त्या जाळ्याच्या खुंट्याखाली. परत यायच्या आधीच तो तापानं गेला. आणि तेव्हापासून तिचा दीर चारचौघांत सांगत होता, की वहिनीनं माळ आपल्या भावाला दिली आणि पुरल्याचं सोंग केलं. मेंढ्या बसलेल्या जागेवर लेंड्यांच्या खतानं पुढच्या वर्षी ज्वारी काळीभोर उठते, त्यावरून तिला जागा ठाऊक होती. पण ती जागा एकराची होती, आणि खुंट्याचं भोक कोणाच्या लक्षात राहणार?

"मला घालायची न्हाई, बाबा," ती म्हणाली. "पर मराया आदी दिराचं तोंड बंद व्हावं."

यानं एका क्षणात होकार दिला. मी डोक्याला हात लावला.

ठरल्या दिवशी दीर आपली माणसं घेऊन बांधावर येऊन बसला. हा सकाळपासून ढेकळं तुडवत होता. एकदाही हात वर झाला नाही. दुपारी सगळे लिंबाखाली भाकरी खायला बसले, तेव्हा मी पाण्याला म्हणून विहिरीकडं गेलो आणि याला पाहिलं. आमच्याकडं पाठ करून तो बसला होता. उठला, पायानं माती दाबली आणि सहज फिरत असल्यासारखा निघाला. सकाळपासून खांद्याला फुगून लटकणारी खाकी पिशवी सपाट झाली होती.

मी तिथंच त्याला अडवायला हवं होतं. पण मला तमाशा पाहायचा होता.

जेवणं झाल्यावर तो बरोबर त्याच जागी थांबला. डावा हात वर, मान तिरकी. "गप. बोलायलंय." कुदळ लागली आणि रुपये निघाले. लोक पुढं धावले. दिराचा चेहरा खरंच उतरला. म्हातारीनं ते रुपये ओंजळीत घेतले आणि एकेक उलटून पाहिला. तिनं नुसती मान हलवली असती तरी सगळा कलंक तिथल्या तिथं धुतला गेला असता.

"ह्ये माजं न्हाई," ती म्हणाली. "गळ्यातला रुपाया हाय तर कडी पायजे. ह्यातल्या एकालाबी कडी न्हाई."

माळेत ओवायची तर प्रत्येक नाण्याला सोनाराकडून कडी जोडून घ्यावी लागते. हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याला नव्हतं. दीर खो-खो हसला आणि म्हणाला, वहिनीनं आता मिलट्रीवाला भाड्यानं आणला. म्हातारीनं सगळे रुपये याच्या पिशवीत परत घातले आणि पदर तोंडावर ओढून निघून गेली.

वाटेत मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून चालत होता. मग म्हणाला, "बॅटरी दोन महिन्यांपासून मेलीय, मास्तर. ती चालत आलती. न्हाई म्हनवलं न्हाई."

मी त्याच्याबरोबर जाणं सोडलं. त्यानं मात्र नवी बॅटरी आणली, लष्करातल्या साहेबानं बक्षीस दिलेलं म्हणून जे घड्याळ मिरवायचा ते विकून. पुढचे दोन उन्हाळे, शेतं मोकळी झाली की हा एकटा तव्यासारख्या तापल्या रानात तो एकर तुडवायचा. लोक टिंगल करायचे. त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिसऱ्या वर्षी तो धरणाच्या कामावर गेला, जाताना मला सांगूनही गेला नाही.

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी म्हातारी मला मानवतला भेटली. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात एक रुपया, रुपयाला कडी.

"मिलट्रीवाल्या बाबानं जायच्या आदी आनून दिला," ती म्हणाली. "एकच घावला. बाकीचे नांगरानं कुटं नेले, द्येवाला ठावं. दिरानं हातात घिऊन कडी बगितली. तवापासून बोलत न्हाई."

ती हसत होती, आणि माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की या लबाडानं आपल्या पिशवीतल्याच एका रुपयाला कडी जोडून घेतली. असल्या कामाचा सोनार मानवतात एकच. म्हातारीची पाठ वळताच मी तडक त्याच्या दुकानाची पायरी चढलो. सोनारानं फुंकणी खाली ठेवली आणि विचारलं, "काय पाहिजे, मास्तर?"

प्रश्न माझ्या ओठांवर होता. दारातून बाजार दिसत होता. गर्दीत म्हातारी कुणा बाईला तो रुपया दोन बोटांत धरून दाखवत होती. मी स्वतःलाच म्हणालो, गप. आणि सोनाराला म्हणालो, जोडवी दाखव.

पावसाळ्यात धरणावरून निरोप आला, की तो विषमज्वरानं गेला. यंत्र कुणी भंगारात घातलं, मला माहीत नाही. त्याच्यासारखा मूर्ख माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि रविवार कसा घालवायचा हे मला अजून कळलेलं नाही.

ती जोडवी बायकोला घट्ट होतात. का आणली, असं तिनं अनेकदा विचारलं, मी अजून सांगितलेलं नाही. पण सणासुदीला ती घालते. फरशीवर चांदी वाजली, की माझा डावा हात आपोआप वर जातो आणि घरातली माणसं बोलायची थांबतात.