वर्खवाले चाचा

दोह्याच्या जून महिन्यात एसी बंद करून बसणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो, की एसीच्या वाऱ्यानंच काय, माणसाच्या श्वासानंही उडून जातो. म्हणून वर्ख लावायचा असला की चाचा आधी उठून एसी बंद करत, दाराच्या फटीला पंचा लावत आणि मला बजावत, "बाय, आता वीस मिनिटं हसू नको, शिंकू नको. आणि माझ्याकडं बघून सुस्कारा तर अजिबात टाकू नको." वीस मिनिटांनी आम्ही दोघं घामानं निथळत असू आणि पानावर एक बोटभर रेघ नुकत्याच उगवलेल्या उन्हासारखी चमकत असे.

दोह्याच्या अबू हमूर भागातल्या एका व्हिलात एका श्रीमंत घराण्याचा जुन्या हस्तलिखितांचा खासगी संग्रह होता. नवऱ्याच्या गॅस कंपनीतल्या नोकरीमुळे मी नाशिकहून तिथं आले, मुलं शाळेत गेल्यावर घर खायला उठू लागलं आणि ओळखीनं मला या संग्रहात नोंदी करण्याचं काम मिळालं. कुठलं पान फाटलंय, कुठला रंग उडालाय, ते कार्डावर लिहायचं. चाचा त्या पानांची दुरुस्ती करत. ते रत्नागिरीकडचे. तरुणपणी पुस्तकं बांधायचे, त्याच कामावर दोह्याला आले आणि संग्रहात कामाला आलेल्या एका म्हाताऱ्या तुर्की उस्तादाच्या हाताखाली सोन्याचं काम शिकले. उस्ताद मायदेशी गेला, चाचा राहिले. मी आले तेव्हा त्यांना कतारमध्ये तेवीस वर्षं झाली होती.

सोनं वाटताना त्यांना बघावं. चिनी मातीच्या बशीत वर्खाची पानं, थोडा मध, आणि उजव्या हाताचं एक बोट. तासन् तास गोल गोल. मग पाणी घालून मध धुऊन काढायचा, खाली बसलेलं सोनं डिंकात कालवायचं, कुंचल्यानं भरायचं आणि वाळलं की अकीकाच्या गुळगुळीत दगडानं चमक येईपर्यंत घोटायचं. "यंत्रानं वाटलं तर लवकर होईल ना?" असं मी एकदा विचारलं. "होईल," ते म्हणाले, "पण मग उरलेल्या दिवसाचं मी काय करू?"

ते थट्टेनं म्हणाले असं मला तेव्हा वाटलं होतं. त्यांच्या खोलीत सहा माणसं राहत, पण सहाही जणांच्या पाळ्या वेगळ्या. एक उठायचा तेव्हा दुसरा झोपलेला. शुक्रवारी ते फोन कार्ड घेऊन घरी फोन करत. एकदा ऑफिसातून केला, तेव्हा मी समोरच होते. "विहिरीला पाणी हाय? कलमांना मोहोर आला? पोरं बरी?" तीन प्रश्न झाले आणि बोलणं संपलं. कार्डावर मिनिटं बाकी होती. ते रिसीव्हर कानाला लावून तसेच बसले, पलीकडे चाची तशाच बसल्या असाव्यात. शेवटी "बरं, ठेवतो," म्हणाले.

बोलत ते एकाच माणसाशी, आणि तो मरून सातशे वर्षं झाली होती. संग्रहात औषधी वनस्पतींचं एक जुनं पुस्तक होतं. त्याचं पहिलं पान अर्धवट राहिलेलं. काळ्या शाईनं वेलबुट्टी पूर्ण आखलेली, पण सोनं फक्त एका कोपऱ्यात भरलेलं आणि निळा रंग दोनच पाकळ्यांत. चाचांनी त्या चिताऱ्याचा सगळा अभ्यास केला होता. "हा डावखुरा हाय. रेघ बघ, उलट्या अंगानं बारीक होते. आणि घाई करणारा नाय. मग अर्ध्यात का उठला? आजारी पडला, की गावाकडनं काही खबर आली?" कधी मला न सांगता त्यालाच विचारत, "काय रे, काय झालं तुला?"

पुढे पुढे ते मलाही विचारू लागले, "बाय, ही पाकळी निळी की हिरवी?" पान खिडकीशी नेऊन तिरकं धरू लागले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मोतीबिंदू हाय. कुणाला बोलू नको." मी म्हटलं, "नाही बोलणार."

त्याच वर्षी मालकांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मॅनेजरनं चाचांना बोलावून सांगितलं, ते पहिलं पान पूर्ण करा. मला वाटलं, चाचांना आनंद होईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानांची भोकं बुजवली, आता एक पान मिळतंय. त्यांनी आठ दिवस सोनं वाटलं. नवव्या दिवशी कुंचला भिजवला, पानावर नेला आणि परत वाटीत ठेवला. खाली जाऊन मॅनेजरला म्हणाले, "त्यानं जिथं हात उचलला, तिथं मी हात ठेवणार नाय."

मॅनेजर चिडला. त्यानं मला बोलावलं. "हा म्हातारा हट्ट करतोय, की दुसरं काही कारण आहे?" मी क्षणभर विचार केला. हट्ट म्हटलं तर काढून टाकतील; आजार म्हटलं तर माणसं समजून घेतात. मी म्हटलं, "सर, त्यांच्या डोळ्यांना त्रास आहे. ऑपरेशन झालं की बघता येईल."

मॅनेजरनं शांतपणे मान हलवली. चाचांची डोळ्यांची तपासणी झाली आणि दहा दिवसांनी पत्र आलं. व्हिसा रिन्यू होणार नाही. खलास. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात कोण असलं पुस्तक देईल?

शेवटच्या दिवशी ते कुंचले धूत होते. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. काय विचारलं, मी काय बोलले, का बोलले. सांगताना मला रडू फुटलं. त्यांनी कुंचल्याचं पाणी निथळू दिलं, टोक ओठांत धरून अणकुचीदार केलं आणि म्हणाले, "तू खरं तेच बोललीस, बाय. नजर गेलीच होती. पण ते मी बोलायचं होतं." एवढंच. रागाचा एक शब्द नाही. मला राग चालला असता.

ते पान कुणीच पूर्ण केलं नाही. प्रदर्शनात पुस्तक दुसऱ्याच पानावर उघडून ठेवलं. आमच्या वरच्या कामाच्या खोलीत मी पुढे दीड वर्ष एकटीनं कार्डं लिहिली. घरी मुलं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची. काही दिवस असे जायचे, की संध्याकाळी नवरा येईपर्यंत माझ्या तोंडून एक मराठी वाक्य निघालेलं नसायचं.

आम्ही कायमचे परत आल्यावर मी रत्नागिरीला गेले, पत्ता काढून त्यांच्या गावी. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. जाड चष्म्याआडून त्यांनी मला लगेच ओळखलं, हसले, खुर्ची पुढे केली. नातवंडं अंगणात खेळत होती. ती त्यांच्याजवळ येत नव्हती, तेही बोलावत नव्हते. चाचा नमाजाला गेले तेव्हा चाची माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "काय सांगू बाय, माणूस चांगला हाय. पण घरात पाहुण्यागत राहतो. आंघोळीला पाणी घ्यायचं तरी विचारून घेतो. मी म्हणते, अहो, घर तुमचं, विहीर तुमची. तर म्हणतात, हां हां, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतात."

चाचा परत आले. मी उठायला लागले तसे ते म्हणाले, "बस, चा घेऊन जा." मग स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले, उंबऱ्याच्या अलीकडे थांबले आणि आत बघत विचारलं, "बाईंना चा देऊ या का? चालेल?"