आधी नवख्याला विचारा

वानखेडेकाका डोंगरावर पोचले की आधी फावडं काढायचे. आम्ही चौघं डेन्व्हरहून तीन तास ड्राइव्ह करून, बुटांखाली स्नोशूज बांधून ताटकळत उभे, आणि हे गृहस्थ छातीएवढा खड्डा खणण्यात दंग. खड्ड्याच्या कडेला बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडं आडवं ठेवायचे आणि थापा मारायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब कितव्या थापेला घसरतो, त्यावरून वरचा उतार कोसळण्याचा अंदाज यायचा; जितका उशिरा, तितकं बरं.

मूळचे नागपूरचे, जन्मभर माती तपासलेले इंजिनिअर. वादळानंतरच्या कोवळ्या बर्फावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वर रजई दिसते, खाली रवाळ साखर असते. साखरेवर रजई टिकते का बाप्पा?"

खड्डा झाला की प्रत्येकाला विचारायचं, हा त्यांचा नेम. सुरुवात सगळ्यात नवख्यापासून, स्वतः शेवटी. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी सगळे परत. कारण विचारायचं नाही. "मी आधी बोललो तर तुम्ही नुसत्या माना डोलावणार. मोठ्यांसमोर नाही म्हणायला आपल्याला शिकवलंय कुणी?"

त्या हिवाळ्यात आम्ही सलग पाच शनिवार परतलो. थर्मासमधला चहा पार्किंग लॉटमध्येच संपायचा. मी वैतागलो होतो. काका तर पार थकलेले दिसायचे. मुलगी त्यांना तिच्या गावी, शुगर लँडला, कायमचं बोलावत होती. जाण्याआधी वरचं गोठलेलं तळं एकदा बघायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

सहाव्या शनिवारी खांब बाविसाव्या थापेपर्यंत हलला नाही. काकांचा चेहरा उजळला. तेवढ्यात मी झाडांकडे गेलो होतो, तिथं माझ्या पायाखालचा बर्फ 'धप्प' करून खचला आणि एक चीर लांबवर पळत गेली. खालचा थर पोकळ आहे, उतार कधीही सुटेल, हा त्याचा अर्थ काकांनीच मला शिकवला होता. परत आलो तर त्यांनी विचारलं, "बोल रे, जायचं?"

नवखा मीच होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि जीभ रेटेना. "तुम्ही म्हणाल तसं, काका."

अर्ध्या तासात उतारावरचा बर्फ सुटला. पुढे असलेल्या काकांना तो खाली झाडांपर्यंत घेऊन गेला. कमरेपर्यंत गाडले गेले होते. त्यांच्याच फावड्यानं आम्ही त्यांना उकरून काढलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

हॉस्पिटलमध्ये मी त्यांना ती चीर सांगितली. मला रडू आवरेना. ते म्हणाले, "'तुम्ही म्हणाल तसं' हे उत्तर मी आजवर कुणाकडून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. दमलो होतो रे."

काका आता शुगर लँडला काठी घेऊन चालतात. फावडं माझ्याकडे आहे. शनिवारी दुपारी त्यांचा फोन येतो. कुठवर पोचलात, हे ते कधीच विचारत नाहीत.

"आज नाही कोण म्हणालं?" गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं.

"मी. बाकी सगळे हो म्हणत होते."

"मग चहा?"

"पार्किंग लॉटमध्येच, काका."

"छान," ते म्हणाले.