उतरण्याची तयारी

अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या मुलीला तिथल्या एका राष्ट्रीय उद्यानातला ग्रॅनाइटचा घुमट चढायचा परवाना सोडतीत मिळाला. दोघांचा. मैत्रिणीऐवजी तिने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं आणि यादी करायला घेतली: बूट, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या, दम. शेवटच्या टप्प्यात उघड्या खडकावरून पोलादी दोर धरून जायचं होतं. तिथे मुलीला मला सांभाळत बसावं लागता कामा नये, एवढंच मी मनाशी पक्कं केलं होतं.

मी राहते त्या कतारमधल्या दोहात डोंगर नाही. वाळवंटात जे उंचवटे आहेत त्यांना आमच्या नाशिककडे कोणी टेकाडही म्हणणार नाही. म्हणून बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीचा जिना धरला. ऑफिसहून आले की पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाची पिशवी. गच्चीपर्यंत चढायचं, लिफ्टने खाली यायचं, पुन्हा चढायचं. वेळ वाचायचा, फेऱ्या जास्त व्हायच्या. माझ्या पद्धतीवर मी खूश होते.

शेजारीण वसईची, हॉस्पिटलात नर्स. लिफ्टमध्ये मला घामाघूम बघून म्हणाली, "काय गं, तांदळाला फिरायला नेतेस?"

मी ऐटीत सगळा बेत सांगितला.

"आणि त्या दगडावरून खाली कशी येणार? लिफ्ट आहे तिथे?"

तिने माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

"चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. आमच्याकडे येतात ते बहुतेक उतरतानाच पडलेले."

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टने वर, पायांनी खाली. सुरुवातीला मांड्या अशा थरथरायच्या की कठडा सोडवत नसे. हळूहळू पाय ऐकायला लागले. जायच्या आधी सॅकमध्ये तांदळाची दुसरी पिशवीही आली.

घुमटावर धापा टाकत का होईना, पण चढले. माथ्यावर फोटो झाले. परत दोरांपाशी आलो, मुलीने खाली पाहिलं आणि ती गोरीमोरी झाली.

"आई, आय कान्ट. इट्स टू स्टीप."

"खाली बघू नकोस. दगडाकडे तोंड कर आणि एकेक पाऊल मागे टाक. मी तुझ्या खालीच असेन."

"यू आर गोइंग फर्स्ट?"

"मग? यल्ला, चल."

मी दोर धरून चार पावलं उतरले आणि तिचा बूट डोक्यावर दिसेपर्यंत थांबले.